पांबनचा पूल, अकरा गडू आणि सासूबाई

पितांबर वाणी यांनी रजेच्या अर्जात खोटे लिहिले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते. पण खरे लिहिले तेव्हा रजा मिळाली नव्हती, हेही इथेच सांगून टाकलेले बरे.

पितांबरभाऊ राहायला धुळ्याला आणि नोकरीला चाळीसगावच्या एका सरकारी कचेरीत. एकवीस वर्षे सकाळच्या पॅसेंजरने जायचे, संध्याकाळच्या पॅसेंजरने यायचे. शिरूड, राजमाने, जामदा ही स्टेशने त्यांना बेच्या पाढ्यासारखी पाठ होती. दोन्ही बाजूंना बाभळी, मग कपाशी, मग ज्वारी, मग पुन्हा बाभळी. या प्रवासात पाहण्यासारखे काही नाही, अशी त्यांची तक्रार नव्हती. अप-डाउन करणारा माणूस खिडकीबाहेर पाहतच नाही, तो पत्ते खेळतो. पण चाळीसगाव स्टेशनाबाहेरच्या पानाच्या टपरीवर एका वर्षी एक कॅलेंडर लागले आणि भाऊंचे पत्त्यांवरचे लक्ष उडाले.

कॅलेंडरावर समुद्र होता. समुद्राच्या मधोमध पूल, पुलावर छोटीशी आगगाडी आणि रुळांच्या हातभर खाली हिरवेनिळे पाणी. पुलाला कठडा नाही, काही नाही. खाली लिहिले होते, ‘पांबन’. डब्यातल्या एका रेल्वेवाल्याने खुलासा केला की हा पूल रामेश्वरच्या बेटावर जातो. तिथे रस्त्याचा पूल अजून व्हायचाय, नुसते खांब उभे आहेत. त्यामुळे मास्तर, पोस्टमन, मासळीवाल्या, झाडून सगळे रोज गाडीनेच ये-जा करतात.

“रोज?” भाऊंनी विचारले.

“रोज. तुमच्यासारखेच.”

म्हणजे जगात समुद्रावरून अप-डाउन करणारी माणसे होती! भाऊंना आयुष्यात कुणाचा हेवा वाटला नव्हता. साहेबाचासुद्धा नाही, कारण साहेबाला मूळव्याध होती. पण त्या अनोळखी पोस्टमनचा मात्र त्यांना हेवा वाटला. एकदा, फक्त एकदा त्या गाडीत पाहुणा म्हणून बसायचे. उतरून कुठल्या मस्टरवर सही करायची नाही. बस्स.

१९८५च्या श्रावणात त्यांनी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात सरळ लिहिले, ‘रेल्वेने प्रवास करणे.’

हेडक्लार्कने चष्मा कपाळावर सरकवला. “वाणी, तुम्ही रोज काय बैलगाडीने येता?”

दुसऱ्या अर्जात त्यांनी ‘समुद्र पाहणे’ असे कारण दिले. तो अर्ज तासाभरात परत आला. “समुद्र मुंबईला पण आहे. रविवारी पाहून या.”

भाऊ टेबलावर हात टेकून बसले. तेव्हा चहाचे कप उचलायला आलेला उखर्डू शिपाई हळूच म्हणाला, “भाऊ, तीरथ लिखा. तीरथले कोनी नही म्हनत नही.”

भाऊंनी तिसऱ्या अर्जात लिहिले, ‘तीर्थयात्रा, श्रीक्षेत्र रामेश्वर.’ दुपारच्या आत रजा मंजूर झाली. एवढेच नव्हे, हेडक्लार्क खुर्चीतून उठले, त्यांनी भाऊंना हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी घरून एक तांब्याचा गडू आणून भाऊंच्या टेबलावर ठेवला. डाग देऊन बंद केलेला. “वडिलांनी काशीहून आणलेली गंगा. तेवढी रामेश्वराच्या पिंडीवर घाला.”

हा पहिला गडू.

काशीची गंगा रामेश्वराला वाहायची असते, हे भाऊंना ठाऊक होते. पण धुळ्यात इतक्या घरांच्या देव्हाऱ्यात इतकी गंगा अडकून पडली आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. संध्याकाळी गाडीतून उतरून घरी पोहोचेपर्यंत बातमी त्यांच्याआधी गल्लीत शिरली होती. शेजारच्या प्रमिलाबाई ओट्यावर गडू घेऊनच बसल्या होत्या. झुलालनाना म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चारधाम बसने केल्यामुळे गल्लीतला धार्मिक आणि भौगोलिक असे दोन्ही विभाग त्यांच्याकडे होते. ते दोन गडू घेऊन आले आणि सल्ले वेगळे.

“पितांबर, तिकडे भाताशिवाय काही मिळत नाही. आणि समुद्राकडे फार वेळ पाहायचं नाही. चक्कर येते.”

“नाना, मी समुद्रच पाहायला—”

“दर्शन झालं की मान खाली घालून परत. काय?”

भाऊंनी एकदोघांना खरे सांगून पाहिले, की मी गाडीत बसायला चाललोय. लोक कौतुकाने हसले. खरा भक्त आपली भक्ती अशीच लपवतो, असे झुलालनानांचे मत पडले. तीन दिवसांत गडू अकरा झाले. ते न्यायचे कसे, म्हणून भाऊ चांदभाई टेलरकडे गेले. चांदभाईंनी जाड कॅनव्हासची एक पिशवी शिवली, आत अकरा कप्पे. गडू भरून पिशवी खांद्याला लावून पाहिली आणि स्वतःच दचकले. “भाऊ, हे तर काडतुसांसारखं दिसतंय. स्टेशनवर पोलिसासमोर जपून चाला.”

इथवरही ठीक होते. पण भाऊंची लेक बाळंतपणाला आली होती. पत्नी वच्छलाबाईंना घर सोडता येईना. आणि तीर्थाला एकट्याने जाणे बरे दिसत नाही. “माझी आई येईल,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तिची फार इच्छा आहे.”

झुंबरबाई पारोळ्याहून येस्टीने आल्या, सोबत दशम्यांचा डबा आणि बिबड्यांची थप्पी. बिबडे म्हणजे आपले ज्वारीचे पापड. वय सत्तरीच्या घरात, पाठ ताठ, डोईवर पदर असा की कपाळ कुणी पाहिले नसेल. तो पदरच खरी अडचण होती. झुंबरबाई जुन्या वळणाच्या. जावयासमोर पदर ढळू द्यायचा नाही आणि जावयाशी थेट बोलायचे नाही, हा नियम त्यांनी सत्तावीस वर्षे पाळला होता. काही सांगायचे झाले तर लेकीला सांगायचे, नातवाला सांगायचे, कुणीच नसले तर भिंतीला सांगायचे. भाऊही मग भिंतीलाच उत्तर देत. घरात हे चालून जायचे. पण जळगावहून मद्रासच्या गाडीत बसल्यावर भिंत कुठून आणायची?

वर्ध्यापर्यंत समोर एक मराठी कुटुंब होते, त्यांच्यामार्फत चहापाणी झाले. ते उतरल्यावर झुंबरबाईंनी मांडीवरच्या पिशवीला मध्यस्थ केले. “गंगामाय, जवाईले सांग, माले पानी पाहिजे.” भाऊ पिशवीकडे पाहून म्हणत, “आणतो म्हणावं.” आसपासचे मद्रासी प्रवासी हा प्रकार दोन दिवस आदराने पाहत होते. त्यांना ते एखादे व्रत वाटले असावे.

मद्रासला गाडी बदलली, छोट्या रुळांची. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपम स्टेशन गेले आणि भाऊ सरसावून बसले. पूल! पण खिडकी झुंबरबाईंकडे होती. वारा जोरात आत शिरला, त्यांचा पदर फडफडला आणि त्यांनी खाडकन लाकडी झडप खाली ओढली.

सासूबाईंना ‘खिडकी उघडा’ म्हणायचे कसे? त्यांनी शेजारच्या गृहस्थाला खुणेने विनवले, की यांना जरा सांगा. गृहस्थाने समजूतदारपणे मान हलवली, उठून उरलेली खिडकीही बंद केली आणि भाऊंच्या खांद्यावर थोपटले. भाऊ दाराकडे धावले. दारात एक वऱ्हाड उभे होते, पितळी भांड्यांसकट. एका माणसाचे कोपर आणि त्याची कंबर यांच्या मधल्या त्रिकोणातून भाऊंना समुद्र दिसला. साधारण थाळीएवढा. मग गाडी पुलावरून उतरली.

दोन दिवस, दोन रात्री, हजार-दीड हजार मैल, आणि थाळीएवढा समुद्र.

रामेश्वरला धर्मशाळेत खोली मिळाली. भाऊंनी आधीच हिशेब मांडून ठेवला होता : मंदिर उद्या पहाटे, आज दुपारी चारची पॅसेंजर पकडून मंडपमपर्यंत जायचे, सहाच्या गाडीने परत यायचे. ‘चौकशी करून येतो,’ असे त्यांनी पिशवीला सांगितले. पण पिशवी झुंबरबाईंच्या हातात होती.

“गंगामाय, जवाईले सांग, माले आठे एकलीले करमत नही. आनि गंगा परकास्ना घर कशी ठेवानी?”

अशा रीतीने पितांबर वाणी, त्यांच्या सासूबाई आणि अकरा गडू दुपारच्या पॅसेंजरमध्ये येऊन बसले. भाऊंनी या खेपेला आधीच पुढच्या डब्यातली इंजिनाच्या दिशेची, डाव्या हाताची खिडकी धरली. सासूबाईंना आतल्या बाजूला बसवले.

गाडी सुटायला पाच मिनिटे असताना एक काळासावळा, पांढऱ्या शर्टातला मास्तरासारखा माणूस आला. हातात छत्री आणि रिकामा डबा. तो भाऊंसमोर उभा राहिला. नुसता उभा राहिला.

तसे उभे राहणे भाऊंना चांगलेच ओळखीचे होते. धुळे–चाळीसगाव पॅसेंजरच्या तिसऱ्या डब्यात त्यांची स्वतःची एक खिडकी होती आणि तिच्यावर बसलेल्या नवख्यांसमोर ते एकवीस वर्षे असेच उभे राहत आले होते. एकदा त्यांनी एका फौजदाराला उठवले होते. त्यांनी छत्रीवाल्याकडे पाहिले, त्याच्या डब्याकडे पाहिले आणि निमूटपणे उठले.

छत्रीवाला चकित झाला. पाहुणे असे कधी उठत नसावेत. त्याने इंग्रजीत विचारले, “यू... डेली?”

“डेली,” भाऊ म्हणाले. “धुलिया टू चाळीसगाव. ट्वेंटी वन इयर्स.”

“नाइन्टीन,” तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला. मग दोघांनी हात मिळवले. मास्तर रामेश्वरच्या शाळेत शिकवत आणि मंडपमला राहत. त्यांनी समोरच्या बाकावरच्या दोघांना काहीतरी सुनावले, ते सरकले आणि भाऊंना समोरची खिडकी मिळाली. टॉवेल पसरून पत्ते निघाले. खेळ वेगळा होता, पण हरलेल्या माणसाचा चेहरा तोच होता.

गाडी पांबन स्टेशनात आली. पुढे पूल. आणि गाडी तिथेच थांबली.

पंधरा मिनिटे गेली. अर्धा तास गेला. मास्तरांनी बोट हवेत फिरवून ‘वारा’ अशी खूण केली. पुलावर वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की सिग्नल पडतच नाही. वारा उतरेपर्यंत गाडी उभी. डब्यातली माणसे निवांत होती. कुणी वर्तमानपत्र उघडले, कुणी डोळे मिटले. झुंबरबाईंनी बिबडे काढून वाटायला सुरुवात केली. मास्तरांनी एक तुकडा खाल्ला, विचार केला आणि दुसरा मागितला.

एका तासानंतर भाऊंना राहवेना. गाडी थांबली की खाली उतरून चौकशी करणे हा अप-डाउनवाल्याचा धर्मच असतो. ते गाडीच्या शेपटाकडे असलेल्या स्टेशनमास्तरच्या खोलीपर्यंत गेले. स्टेशनमास्तर वारा मोजणाऱ्या काट्याकडे पाहत बसला होता. भाऊही काट्याकडे पाहू लागले. “आमच्याकडे राजमान्याजवळ म्हैस आडवी येते, तेव्हाही असंच होतं,” असे त्यांनी मराठीत सांगितले. स्टेशनमास्तरने मान डोलावली. बाहेर चहा मिळत होता. भाऊंनी चहाचा पेला तोंडाला लावला, आणि सिग्नल पडला.

गाडीने शिट्टी दिली आणि लगेच हलली.

बावन्न वर्षांचा सीनियर क्लार्क धावताना कसा दिसतो, हे त्याने स्वतः पाहू नये यातच निसर्गाची दया आहे. धोतर असते तर सोगा तरी धरता आला असता. पँटीत माणूस धरणार काय? डावी चप्पल पहिल्या दहा पावलांतच गेली. पुढच्या डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, मग पांढरे डोके, आणि पांबनच्या फलाटाने कधी न ऐकलेली अहिराणी आरोळी उठली :

“पितांबर! अरे पय! पय ना रे बाप्पा!”

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंनी त्यांना हाक मारली होती, तीही नाव घेऊन, तीही ‘अरे’ म्हणून. भाऊ इतके दचकले की एक पाऊल थांबलेच. त्या एका पावलाने पुढचे डबे निघून गेले. शेवटचा डबा आला, आणि दारातल्या दोन मासळीवाल्यांनी काखेत हात घालून भाऊंना टोपलीसारखे वर ओढले.

ते टोपल्यांच्या मधोमधच पडले. उठून बसतात तो डब्याचा आवाज बदलला. खडखड थांबून पोकळ, खोल घुमणे सुरू झाले. उघड्या दारासमोर जमीन नव्हती.

गाडी माणसाच्या चालीने चालली होती. खाली लाटा फुटत होत्या, तुषार दारातून आत येत होते. एका बाजूला रस्त्याच्या पुलाचे अर्धवट खांब पाण्यात उभे, त्यांवर बगळे. दूर होड्या. पाणी खांबांजवळ हिरवे, पुढे निळे, त्यापुढे आभाळच. कॅलेंडरात होते त्यापेक्षा कितीतरी जास्त होते सगळे. आणि हे सगळे समोर असताना भाऊंच्या मनात एकच विचार होता : म्हातारी पुढच्या डब्यात एकटी आहे. तिला वाटले असेल मी राहिलो. घाबरून उतरली तर? कुठे उतरेल? पाण्यात?

ते दाराचा दांडा धरून बाहेर वाकले. मासळीवालीने त्यांचा पट्टा मागून धरला. पुढच्या डब्याच्या खिडकीतून झुंबरबाईंचा हात बाहेर आलेला दिसला. हातात काहीतरी चकाकले, आणि पाण्याची एक बारीक धार वाऱ्यावर उडून समुद्रात पडली. हात आत गेला. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर आला. पुन्हा धार.

गडू! सासूबाई गंगा ओतत होत्या.

“अहो! अहो, थांबा!” भाऊ ओरडले. ते चाक आणि वारा यांच्यात विरून गेले. हेडक्लार्कची गंगा गेली. प्रमिलाबाईंची गेली. झुलालनानांच्या दोन्ही गेल्या. पुलाचा शेवटचा खांब येईपर्यंत भाऊंनी अकरा धारा मोजल्या. समुद्र पाहायचा राहिला तो राहिलाच.

मंडपमला गाडी थांबताच ते एका चपलेवर पुढच्या डब्याकडे पळाले. झुंबरबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. मांडीवर अडकित्ता, पायाशी झाकण उडवलेले अकरा गडू, आणि डोळ्यांना धारा. मास्तर छत्रीने त्यांना वारा घालायचा प्रयत्न करत होते. भाऊंना पाहताच त्या उठल्या.

“कोठे व्हता रे तू?” त्या म्हणाल्या आणि भाऊंच्या दंडावर एक चापट मारली. मग तोच दंड घट्ट धरला. “माले वाटनं, गया तू रुळखाले. मी समिंदरले सांगं, बठ्ठी गंगा ले, पन मनी आंडेरनं कुकू सांभाळ.”

आंडेर म्हणजे लेक; वच्छलाबाईंच्या कुंकवासाठी अकरा गडू गेले होते. सांगावे असे पिशवीत आता कुणी उरलेही नव्हते. भाऊ पहिल्यांदाच सासूबाईंशी थेट बोलले.

“पण आई, ती पिंडीवर घालायची होती. लोकांना काय सांगायचं?”

झुंबरबाईंनी डोळे पुसले आणि थोडा विचार केला. “देव का एकला देऊळमाच बशेल ऱ्हास? आनि गंगा शेवट समिंदरलेच जास ना? मी उलशीक लवकर धाडी दिनी.”

यावर झुलालनानांनाही उत्तर सुचले नसते, असे भाऊंना वाटले आणि जरा बरे वाटले.

वाऱ्याने सगळे वेळापत्रक उलटेपालटे केले होते. परतीची गाडी आता सकाळीच होती. मास्तर दोघांना आपल्या घरी घेऊन गेले. मास्तरीणबाईंनी भात वाढला, झुंबरबाईंनी त्यावर बिबडा चुरून खाल्ला आणि दोन्ही बायका एकमेकींची भाषा न कळता दोन तास बोलत बसल्या. मास्तरांनी भाऊंना आपल्या मुलाच्या चपला दिल्या. एक नंबर लहान होत्या, पण तो माणूस मनाचा मोठा होता.

सकाळी तिघे स्टेशनवर आले. पॅसेंजर लागली होती. मास्तरांच्या ओळखीचे सगळे डब्यात होते, पोस्टमनही होता. भाऊंनी त्याला नीट पाहून घेतले. तो जांभया देत होता. डब्यात मास्तरांची नेहमीची खिडकी रिकामी होती. एकोणीस वर्षांत तिथे दुसरे कुणी बसले नसावे. झुंबरबाई सरळ गेल्या आणि तिथे बसल्या.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिले. भाऊंचा चेहरा पडला. “आई, ती त्यांची जागा आहे,” ते कुजबुजले.

“माले दखानं शे,” झुंबरबाई म्हणाल्या. “काल पानी नीट दखंच नही.”

मास्तर त्यांच्यासमोर क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी छत्री वरच्या फळीवर ठेवली, हातानेच ‘बसू द्या’ असे खुणावले आणि ते दाराशी जाऊन उभे राहिले. पोस्टमनने सरकून भाऊंना बाकाच्या टोकाला जागा दिली. वारा आज बेताचा होता. पुलाचा सिग्नल पडलेलाच होता, आणि गाडी न थांबता पुलावर आली.

झुंबरबाईंनी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले. काल आसवांनी भरलेले डोळे त्यांनी आज टक्क उघडे ठेवले होते. “माय व,” त्या पुटपुटल्या, “इतलं पानी!” ऊन पाण्यावर पडून त्यांच्या तोंडावर हलत होते. पुलाच्या मध्यावर वाऱ्याची एक झुळूक आली आणि डोईवरचा पदर सरकून खांद्यावर पडला. केस सगळे पांढरे होते, आणि कपाळावर बालपणीचे गोंदण होते. त्यांना पदराचे भान नव्हते. हात गजांवरून निघाला नाही.

जावयाने असे पाहू नये, हे पितांबरभाऊंना कळत होते. त्यांनी हळूच मान दुसऱ्या खिडकीकडे वळवली. तिकडेही समुद्रच होता. गाडी बेटावर चढेपर्यंत ते तिकडेच पाहत राहिले.